युटा-ॲरिझोना फेरीत नॅशनल पार्कचा वार्षिक पास: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी हिशोब. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियनला गाडीमागे प्रवेशाचे प्रत्येकी ३५ डॉलर, आर्चेस आणि कॅनियनलँड्सला ३०, कॅपिटल रीफला २०. बेरीज १८५. अमेरिकेत राहणाऱ्यांना ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ हा वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो, म्हणजे मोठ्या पार्कांपैकी तिसऱ्याच्या दारातच वसूल. भारतातून फिरायला येणाऱ्यांचं गणित २०२६पासून वेगळं आहे. त्यांना हा पास २५० डॉलरला पडतो, आणि पास नसेल तर ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस धरून ११ पार्कांत १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला तिकिटावर आणखी १०० डॉलर. दोघांचा नुसता ग्रँड कॅनियन २३५ला जातो. यादीत दुसरं असं पार्क असेल तर मुकाट्याने पास घ्यावा.

पास महिन्याच्या १ तारखेला घ्या. पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या अखेरपर्यंत चालतो, म्हणजे जवळजवळ तेरा महिने. डिजिटल घेतलात तर घरीच फोनमध्ये उतरवून ठेवा, दारापाशी रेंज मिळेल याचा भरवसा नाही. ज्याच्या नावाचा पास, तो माणूस फोटो ओळखपत्रासह गाडीत हवा.

आता पासला पाचपैकी चारच तारे का दिले ते. खरं तर दोष पासचा कमी, त्याच्याबद्दलच्या समजुतीचा जास्त. हा पास फक्त दाराचा आहे. झायनमधल्या वॉचमन कॅम्पग्राउंडची जागा सहा महिने आधी वेगळी बुक करावी लागते, तिथल्या एंजल्स लँडिंग कड्यावर चढायच्या परवान्याची सोडत वेगळी. झायनची शटल बस फुकट आहे, पण मार्च ते नोव्हेंबर मुख्य दरीत खासगी गाडी सोडत नाहीत. व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सकाळीच भरतं. मग स्प्रिंगडेल गावात पैसे मोजून गाडी लावा.

युटातल्या मोआब गावाजवळ आणखी एक गंमत. कॅनियनलँड्सच्या ‘आयलंड इन द स्काय’ भागाच्या रस्त्यालाच डेड हॉर्स पॉइंटचा फाटा आहे. ते स्टेट पार्क, तिथे हा पास दाखवून उपयोग नाही. आणि कॅनियनलँड्सचाच नीडल्स हा दुसरा भाग नकाशात शेजारी दिसला तरी मध्ये नदीची दरी आहे. मोआबवरून वळसा घालून जावं लागतं, त्यामुळे दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

अँटिलोप कॅनियन आणि मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या मूळनिवासी जमातीच्या जमिनीवर आहेत, तिथेही पास चालत नाही. अँटिलोपला गाइडशिवाय सोडतच नाहीत. शिवाय घड्याळाचा घोळ: उन्हाळ्यात युटा आणि नवाहो प्रदेश ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतात. अँटिलोपच्या टूर पेज गावाच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने निघतात, मॉन्युमेंट व्हॅली मात्र नवाहो वेळेने चालते. सीमेजवळ फोन आपणहून तासभर मागेपुढे उडी मारतो. पेजला पोहोचण्याआधी आपोआप वेळ बदलणं बंद करून फीनिक्सची, म्हणजे ॲरिझोनाची वेळ लावून टाका.