हौशी खगोल मंडळाचं सदस्यत्व: वर्षभराहून जास्त काळानंतरचा अनुभव

पुण्यातल्या एका छोट्या हौशी खगोल मंडळाची मी ऑक्टोबर २०२४ पासून सदस्य आहे. तेव्हा त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. तो बघायला म्हणून मी आणि माझी मुलगी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो आणि तिथेच रमलो. धूमकेतूने माणसं गोळा करावीत ही जुनीच रीत दिसते. १९८५-८६ मध्ये हॅली आला तेव्हाही कितीतरी जण असेच या नादाला लागले. मुंबईचं खगोल मंडळ त्याच सुमाराचं. पुण्याची परंपरा त्याहून जुनी, इथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. आमचं मंडळ या दोघांच्या मानाने अगदीच लहान आहे. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली काही तक्रारी आहेत आणि त्या मी मंडळाच्या बैठकीत मांडलेल्या आहेत. शिवाय आपापल्या गावातल्या मंडळात जावं की नाही, असा विचार करणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडावं, एवढाच हेतू आहे.

निकाल आधीच सांगते. घरात मुलांसाठी किंवा स्वतःसाठी दुर्बीण घ्यायचं चाललं असेल, तर ते पैसे सहा महिने तसेच राहू द्या आणि आधी मंडळाची वर्गणी भरा. आमच्याकडे ती वर्षाला ५०० रुपये आहे, विद्यार्थ्यांना निम्मी. सदस्य नसलात तरी महिन्याचं आकाशदर्शन सगळ्यांना खुलं असतं. नाव नोंदवायचं आणि यायचं.

पहिल्या वेळी येणाऱ्याला तासभर दुर्बिणीजवळ जाऊ देत नाहीत. सतरंजीवर बसायचं, मोबाइल पिशवीत टाकायचा आणि नुसत्या डोळ्यांनी आकाश बघायचं. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कुणी मध्येच मोबाइल उघडला की सगळं पहिल्यापासून. मंडळाच्या टॉर्चना लाल जिलेटिन कागद लावलेला असतो तो याचसाठी. लांबून आलेल्या लोकांना हा तास जड जातो, चुळबुळ सुरू होते. पण माझ्या मते मंडळाने दिलेलं सगळ्यात टिकाऊ काही असेल तर ते याच तासातलं आहे. मृगातले तीन तारे, म्हणजे व्याधाचा बाण, ती रेघ एका बाजूला वाढवली की व्याध सापडतो, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी, आणि तशीच पुढे नेली की कृत्तिकांचा पुंजका. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा किंचित खालीच. श्रीनगरला तोच साडेतीन मुठी वर. ध्रुव सगळ्यात तेजस्वी असणार असं धरून लोक भलत्याच ताऱ्याकडे बोट दाखवतात. तो तेजाने मध्यमच आहे, हे एकदा स्वतः शोधून काढलं की पुन्हा विसरत नाही. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत आणि घराच्या गच्चीवरूनही हे जमतं.

नवख्यांशी मंडळ कसं वागतं, हे मला एका प्रसंगात नीट दिसलं. एक ताई ऑनलाइन मागवलेली दुर्बीण घेऊन आल्या होत्या. ६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची, खोक्यावर ५२५ पट मोठं दिसेल असं छापलेलं, आणि त्यांना तिच्यातून आजवर काहीच धड दिसलेलं नव्हतं. जरा अवघडूनच त्यांनी ती बाहेर काढली. मंडळातले एक ज्येष्ठ काका, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, हसले नाहीत की नाक मुरडलं नाही. त्यांनी आधी सगळ्यात जास्त पट दाखवणारी नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, आणि पट आणखी वाढवणारं सोबतचं बार्लो भिंग काढून डबीत ठेवून दिलं. म्हणाले, "ताई, भिंगाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट. तुमची साठची आहे ना, म्हणजे एकशेवीसच्या पुढे नुसता धूसरपणा." मग कमी पट दाखवणारी २० मिलिमीटरची नेत्रिका लावली. लांबच्या मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा मुख्य नळीत मध्यभागी आणला आणि वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचे तीन स्क्रू पिळून तिच्यातही तोच दिवा मध्यावर घेतला. तिवई डुगडुगत होती म्हणून तिच्या मधोमध पाण्याची भरलेली बाटली टांगली. पंधरा-वीस मिनिटांत त्याच दुर्बिणीतून गुरू आणि त्याचे चार चंद्र एका रेघेत दिसले. सरांनी ताईंच्या हातात कागद-पेन्सिल देऊन चार ठिपके काढायला लावले, वेळ लिहायला लावली, आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा. आयो गुरूभोवती सुमारे ४२ तासांत फिरतो, त्यामुळे दोन-अडीच तासांतही त्याची जागा सरकलेली कळते. गॅलिलिओने १६१० मध्ये हेच केलं होतं. त्या ताई आता सदस्य आहेत आणि शाळांच्या कार्यक्रमात तीच दुर्बीण घेऊन उभ्या राहतात.

अमावास्येच्या जवळच्या शनिवारी भोरच्या बाजूला एका शेतावर रात्रभराचं आकाशदर्शन असतं. यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात, त्यात जेवण आणि पहाटेचा चहा येतो. शहरातून बघितलेलं आकाश आणि हे आकाश यांत फरक किती, ते पहिल्याच रात्री कळतं. तिथली आठ इंची डॉब्सोनियन ही माझी सगळ्यात आवडती दुर्बीण. लाकडी पेटीवर बसवलेली साधी आरशाची दुर्बीण, मोटार नाही, हाताने ढकलायची. मृगातला तेजोमेघ तिच्यातून पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण विचारतात की फोटोत असतो तसा गुलाबी का नाही. तो राखाडी, क्वचित हिरवट दिसतो, कारण मंद उजेडात डोळ्यांच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. पण थेट न बघता नजर जरा बाजूला ठेवली की त्याचे पंख पसरत जातात आणि मधले चार तारे सुटे दिसतात. तिथून निघालेला प्रकाश सुमारे १,३०० वर्षं वाटेत होता.

मार्च २०२५ च्या अखेरीस अमावास्या शनिवारीच आली होती. त्या रात्री दीडच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम अडीच मुठी वर, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दाखवला. नुसत्या डोळ्यांना पुसट तारा. नेत्रिकेत मात्र आधी धुकट गोळा दिसला आणि जसजसं बघत गेले तसतसे त्याच्या कडेचे तारे वेगवेगळे होत आत आत सरकत गेले. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ, लाखो तारे. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो क्षितिजाच्या वर येतच नाही. त्रिशंकू आणि अगस्त्याचंही तेच. महाराष्ट्रात राहून दक्षिणेकडचं एवढं आकाश आपल्या वाट्याला येतं, याचा मला त्या रात्री फार आनंद झाला. मुलगी मात्र तोवर स्लीपिंग बॅगेत गाढ झोपली होती, आणि तिला उठवलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलत नव्हती.

आता तक्रारी. रात्रभराच्या कार्यक्रमाला साठेक माणसं आणि तीन दुर्बिणी हे गणित बसत नाही. रांगेत वीस मिनिटं थांबून नेत्रिकेला मिनिटभर डोळा लागतो, आणि तेजोमेघ किंवा तारकागुच्छ एका मिनिटात दिसत नाही. चाळीसच्या वर नावं घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. दुसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. शेतावर एकच आहे, तेही मुक्कामाच्या जागेपासून लांब, आणि वाटेवर दिवा लावता येत नाही. बायका आणि मुली कमी येतात त्याचं निम्मं कारण हेच आहे. बैठकीत बोलल्यावर जमिनीलगतचे लाल दिवे बसवले गेले, दुसऱ्या स्वच्छतागृहाचं अजून घोंगडं भिजत पडलं आहे. तिसरं, स्वतःची गाडी नसेल तर पोचणं अवघड. गाडीत जागा देणारे असतात, पण ते सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतं आणि तिथे एवढे फोटो येऊन पडतात की कामाचा निरोप सापडत नाही. छायाचित्रणवाली मंडळी तर एकदा कॅमेरे लावून बसली की पहाटेपर्यंत दुसऱ्याकडे बघत नाहीत. त्यांचे फोटो खरोखर सुंदर असतात, तरी त्यांनी तासभर नवख्यांसाठी काढावा.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आकाशदर्शन बंद, आणि पुष्कळ जण तेव्हाच गळतात. मी म्हणेन, गळू नका. गेल्या पावसाळ्यात मंडळाने दुर्बिणीचा आरसा घासण्याची कार्यशाळा घेतली, ती मला आकाशदर्शनाइतकीच आवडली. सहा इंची काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. खालची पिंपावर घट्ट बसवलेली, वरची हाताने मागेपुढे घासायची आणि पिंपाभोवती हळूहळू फिरत राहायचं. एवढ्यानेच वरची काच खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. मग बारीक, त्याहून बारीक पूड, शेवटी डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साइडने चकाकी. आकार बरोबर आला का हे एक बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड यांनी तपासतात, आणि त्यात प्रकाशाच्या तरंगलांबीच्या काही अंशाएवढी चूकही सावलीत दिसते. माझ्या आठवीतल्या मुलीने हे शनिवारमागून शनिवार केलं. आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढवून आणायचा बाकी आहे.

लोकांसाठीचे कार्यक्रम मंडळ जीव ओतून करतं. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच रात्री होतं. आदल्या दिवसाच्या मिरवणुकीने लोक दमलेले, आकाशात ढग, तरी मैदान भरलं. ढगांच्या फटींतून तांबूस चंद्र दिसायचा आणि पुन्हा जायचा. ग्रहणात खाऊ नये म्हणणाऱ्या घरांतली माणसंही होती, त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही. सदस्यांनी पोहे केले, स्वतः खाल्ले, आणि ज्यांना हवे त्यांना दिले. दोन गरोदर बाया आपल्या सासूबाईंबरोबर येऊन चंद्र बघून गेल्या. नोव्हेंबरात शनीच्या वेळी मात्र लोकांची निराशा झाली. साधारण पंधरा वर्षांनी शनीची कडी पृथ्वीकडे कड करतात आणि २०२५ हे त्याचं वर्ष होतं. रांगेतून "कडी कुठंय?" असं येत राहिलं आणि दर वेळी सदस्य एक जुनी सीडी आडवी धरून दाखवत राहिले. मला ती सुईसारखी रेघ फार आवडली, तशी ती पुन्हा लवकर दिसायची नाही.

वर्गणी पुन्हा भरली आहे. पहिल्यांदा जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च यांतली अमावास्येजवळची तारीख धरा. पुण्यात उकडत असलं तरी शाल आणि कानटोपी घ्या, पहाटे दव पडतं. आणि नाव नोंदवताना किती माणसं येणार आहेत ते नक्की विचारा. पन्नासच्या वर असतील तर पुढच्या महिन्यात जा.