जुनी पद्मिनी घेताना आमची फसवणूक झाली, टोकन द्यायच्या आधी चेसिस नंबरभोवतीचा पत्रा बघा

कोल्हापुरात किंवा आसपास कोण जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, घ्यायच्या विचारात असेल तर पैसे द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. आमचे पावणेदोन लाख अडकलेत आणि गाडी दारात असून रस्त्यावर काढता येत नाही.

आण्णांनी उमेदीच्या काळात फियाट चालवली होती, तशीच परत दारात असावी ही त्यांची लई वर्षांची इच्छा, म्हणून दादा आणि मी शोधत होतो. एका एजंटकडून फोटो आले, क्रीम कलर, स्टेअरिंगवरचा गिअर, क्रोमचे बंपर, बघितल्याबरोबर आण्णांचा चेहराच बदलला. एजंट म्हणाला ७५ चं मॉडेल, सिंगल ओनर, मालकांचं वय झालंय म्हणून विकायलेत, आणि ५० वर्षं झाली की विंटेजमध्ये जाती मग ह्याच गाडीला दुप्पट गिऱ्हाईक. नंबर ऑनलाईन टाकून बघितला तर सगळं बरोबर, आरसी चालू, कर्ज नाही, मॉडेल तेच. खरी फसवणूक इथंच आहे, ते पुढं सांगतो.

बघायला गेलो तर बॉनेट आधीच गरम. तुमच्यासाठी सुरू करून ठेवली म्हणाला. हे लोक मुद्दाम करतात, कारण १०८९ सीसीचं ते इंजिन रिंगा झिजलेलं असलं की थंड असताना स्टार्टर बराच मारायला लागतो आणि पहिल्या धडक्याला निळा धूर येतो, गरम इंजिनात जाडं ऑईल घातलं की ते तात्पुरतं झाकलं जातं. टेस्ट ड्राईव्ह म्हणजे रंकाळ्याला एक फेरी. जोतिबाचा घाट चढवून बघूया म्हटलं तर टायर बदलून देतो मग जावा म्हणून टाळलं. नावावर करायचं काम पण मीच बघतो म्हणाला आणि केलं पण, नवीन आरसी घरी आली, त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं.

मग खर्च सुरू झाला. घाटात गरम व्हायला लागली, रेडिएटर आणि वॉटर पंप झाला. चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत, व्हील सिलिंडर गळत होते, मास्टर सिलिंडरची रबरं गेलेली. किंग पिन ढिले, गिअरच्या लिंकेजचे बुश संपलेले, सेकंड टाकायला गेलं की अडकायचा. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी पाईप आणि पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपाचा डायफ्रॅम लवकर खराब होतो, ते वेगळंच. इग्निशनचे सीबी पॉईंट, कंडेन्सर, कार्बोरेटर ट्युनिंग तर चालूच असतं. ह्यातल्या कशालाच मी फसवणूक म्हणणार नाही. एवढ्या वयाची गाडी ठेवायची म्हणजे हे आलंच, आणि आपल्या उद्यमनगरात बोअरिंग असो, क्रँक ग्राइंडिंग असो नाहीतर लेथवर बुश काढून घ्यायचं असो, करणारी माणसं आहेत आणि मन लावून करतात. इंजिन कसंही उभं राहतं. पत्रा आणि कागद उभे राहत नाहीत.

पहिल्या पावसातच ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी आलं. टिंकरनं मॅट काढून हातोडी मारली तर फ्लोअरचा पत्राच नाही, वर नुसती लांबी (पुट्टी) आणि फायबर, त्यावर काळा अंडरकोट. वेल्डिंग करायला दारांची रबरं काढली तर खाली काळा रंग, टपाच्या कडेला पिवळा. डाव्या मडगार्डला बुजवलेली भोकं निघाली, मीटरच्या स्टँडची. मुंबईची टॅक्सी होती ही! सिंगल ओनर कसला आणि ७५ चं मॉडेल कसलं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ ला पासिंग झाली आणि ऑक्टोबर २०२३ ला पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरनं गेल्या. असल्या गाड्या भंगारात जायला पाहिजेत.

तरी दुरुस्त करून घेतली, कारण आण्णा रोज जाऊन तिच्याजवळ उभे राहायचे. मग आरसीची मुदत संपत आली. जुन्या कारच्या रिन्युअलची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० केली, पर्यावरण कर वेगळा, तेवढी तयारी करूनच गेलो होतो. पण रिन्युअलला गाडी प्रत्यक्ष दाखवायला लागते. आरटीओच्या साहेबांनी चेसिस नंबर घासून बघितला तर नंबराचा तुकडा दुसऱ्या गाडीचा कापून इथं वेल्ड केलेला, कडेनं ग्राइंडर मारून रंग दिलेला. ह्या गाडीला वेगळी चेसिस नसते, बॉडीच चेसिस असते, म्हणजे तो तुकडा बदलला की कागदावरची गाडीच बदलली. इंजिनवरचा नंबर पण आरसीशी जुळला नाही. ऑनलाईन दिसत होतं ते सगळं खरं होतं, फक्त ते दुसऱ्याच गाडीचं होतं. रिन्युअल थांबलं.

विंटेजचं आमिष पण खोटंच. २०२१ च्या नियमात ५० वर्षांची अट आहेच, पण बॉडी, चेसिस, इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही, आणि बसली तरी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढता येते.

म्हणून सांगतो, सकाळी न सांगता जावा आणि थंड इंजिन स्वतः सुरू करा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेला, डिकीत आणि फ्लोअरवर फिरवा, लांबी असेल तिथं चिकटत नाही. दाराचं रबर थोडं ओढून आतला रंग बघा. चेसिस प्रिंट, म्हणजे नंबराचा कागदावरचा ठसा, स्वतः घ्या, नंबरभोवती वेल्डिंगची रेघ दिसते का, अक्षरं एका ओळीत आहेत का ते बॅटरी मारून बघा, इंजिन नंबर आरसीशी आकडा न आकडा जुळवा. आणि मूळ मालकाला समोरासमोर भेटल्याशिवाय, निदान त्यांच्याशी स्वतः फोनवर बोलल्याशिवाय टोकन देऊ नका. आमच्याकडून मालक आजारी आहेत म्हणून भेट टाळली होती.

आम्ही पोलिसात लेखी तक्रार दिलीय, पैसे बँकेतनं गेल्यामुळं त्याचा पुरावा आहे, व्हॉट्सॲपवरचं बोलणं पण ठेवलंय. एजंटचा फोन बंद आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात ह्याच पद्धतीनं, क्रीम रंग देऊन ७५ चं मॉडेल म्हणून कोणाला पद्मिनी विकली असेल तर रबर ओढून आतला रंग बघा, आणि आमच्यासारखंच निघालं तर तुम्ही पण तक्रार द्या. चार तक्रारी एकत्र आल्या तर तपास हलेल.