मजकुराएवढाच चौकोन: टीकेइंटरच्या टेक्स्ट विजेटचा आठ महिन्यांचा अनुभव

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि खिडक्या-बटणे काढण्याचा तिचा संच टीकेइंटर वापरून पुस्तकनोंदणीचा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. चवथीच्या आधीपासून, म्हणजे गेले आठ महिने, तो विंडोजवर रोज वापरात आहे. शेरा लिहिण्याचा चौकोन मजकुराएवढाच उंच असावा, ही अपेक्षा साधी होती. पण सर्वाधिक वेळ खाल्ला तो तिनेच.

हा चौकोन म्हणजे टीकेइंटरचा टेक्स्ट विजेट (विजेट म्हणजे खिडकीतील एक घटक). त्याची रुंदी अक्षरांत आणि उंची ओळींत सांगावी लागते. काहीच न सांगितल्यास तो 80 अक्षरे रुंद आणि 24 ओळी उंच उघडतो, आणि फॉन्टमधील अक्षरे समान रुंदीची नसतील तर शून्य या अंकाची रुंदी माप म्हणून धरली जाते. मी आधी मजकुराच्या लांबीला या रुंदीने भागून ओळी काढत होतो. जुन्या पोर्तुगीज पुस्तकांच्या शेऱ्यांना हे बरेचसे जुळले, मराठी शेऱ्यांखाली मात्र रिकाम्या ओळी उरू लागल्या. 'म्हार्दोळ' हे गावाचे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, पण पायथनच्या हिशेबात ते 9 भरते, कारण काना, मात्रा आणि हलन्तही स्वतंत्र मोजले जातात.

शेवटी मोजणी विजेटवरच सोपवली. 'काउंट' या पद्धतीला 'डिस्प्लेलाइन्स' सांगितले की वळवून पडद्यावर दिसणाऱ्या ओळींची संख्या मिळते. मात्र त्याआधी मांडणीची उरलेली कामे उरकणारे 'अपडेट आयडलटास्क्स' चालवले नाही, तर विजेटला स्वतःची खरी रुंदीच ठाऊक नसते आणि उत्तर चुकते. शिवाय शेवटची नवी ओळ वगळून मोजल्यास एका ओळीच्या मजकुराला ही पद्धत शून्याऐवजी 'नन', म्हणजे 'काहीच नाही', असे देते. माझा प्रोग्राम पहिल्याच दिवशी कोसळला तो यामुळे. ओळ वळवण्याची मूळची पद्धत अक्षरागणिक आहे, ती शब्दागणिक केली नाही तर शब्द मध्येच तुटतो.

उंची बदलली की 'कॉन्फिगर' ही माप बदलल्याची सूचना देणारी घटना पुन्हा घडते, तिच्यातून पुन्हा मोजणी होते, आणि हे चक्र थांबत नाही. मागची रुंदी लक्षात ठेवून ती बदलली असेल तरच मोजायचे, असे केल्यावर ते थांबले. खिडकीला एकदा 'जॉमेट्री'ने माप दिले की ती आतल्या विजेटबरोबर वाढत नाही. तिथे मापाऐवजी रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) द्यावी लागते, हे शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

वापरणाऱ्यांची तक्रार मात्र वेगळीच निघाली. वाचनालयातील काका टंकत असताना चौकोन वाढे आणि 'जतन करा' हे बटण खाली सरके, त्यामुळे नेमका क्लिक चुके. "बटण पळतां रे," असे ते दोनदा म्हणाले, तेव्हा मी किमान 2 आणि कमाल 8 ओळींची मर्यादा घातली, पुढे स्क्रोलबार दिला आणि बटण खिडकीच्या तळाला बांधले. फॉन्ट नेमून दिला नसताना वेलांट्यांची टोके कापली जात होती. निर्मला यूआय हा विंडोजमधला फॉन्ट लावल्यापासून तेही दिसलेले नाही.