एकदाच भरपेट की अधूनमधून थोडं?

संभाजीनगर–बीड–लातूर रस्त्यावर इलेक्ट्रिक गाडी घेऊन जाणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचे लोक बॅटरी १०-१५ टक्क्यांवर येईपर्यंत थेट लातूर गाठतात आणि तिथे एका दमात ८०पर्यंत चार्ज करतात. दुसऱ्या पंथाचे लोक बॅटरी निम्म्यावर आली की बीडला चहापाण्यासाठी थांबतात, तेव्हाच गन (म्हणजे चार्जिंग मशीनचा गाडीत खुपसायचा प्लग) लावतात आणि ८०ला काढतात.

कागदावर पहिला पंथ सरस. रिकामी बॅटरी वीज भराभर ओढते, हे तुम्हाला माहीतच आहे. ॲप उघडा, वॉलेटमध्ये पैसे टाका, गन लॉक व्हायची वाट बघा, हा सोपस्कारही एकदाच. बिल युनिटवर, त्यामुळे पैशांत फारसा फरक नाही. समृद्धीवरून नागपूर गाठायचं असेल तर मीही बहुधा हेच करेन.

माझं घोडं अडलं ते दोन गनच्या मशीनपाशी. पाटीवर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं, पण बऱ्याच मशीनवर ते दोन्ही गन मिळून. एकटे असाल तोवर मजा. शेजारी दुसरी गाडी लागली की स्क्रीनवरचा ५५चा आकडा डोळ्यांदेखत २८वर येतो. त्या माणसाचा काय दोष? तोही घाईतच असतो. पण माझ्या ४५ युनिटच्या बॅटरीला १०वरून ८०वर जायला ३१-३२ युनिट लागतात. एरवी पाऊण तासाचं काम, आता तासाच्या वर जातं. बरं, १० टक्क्यांवर 'जाऊ दे, पुढे बघू' म्हणायचीही सोय नाही. उन्हात मशीनशेजारी उभं राहून एकेक टक्का मोजायचा.

बीडला ५०वरून ८०वर जायला मात्र १३-१४ युनिट पुरतात. वेग निम्मा झाला तरी अर्ध्या तासात मोकळे. मशीन बंद निघालं, लाइट गेलेली असली, तरी हातात शे-सव्वाशे किलोमीटर असतात. पुढे मांजरसुंब्याचा घाट टक्के खातो, तेव्हा त्याआधीच भरून घेतलेलं बरं. मे महिन्यात छोटं चार्जिंग बॅटरीला कमी तापवत असावं असाही माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

लातुरात मुक्काम असेल आणि पाहुण्यांकडे नीट अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा सॉकेट असेल, तर रात्रभरात २५-३० युनिट सहज चढतात. मग पहिला पंथही वाईट नाही. मी तरीही बीडला गन लावूनच पुढे जातो. दारात पाय ठेवल्या ठेवल्या 'आधी सॉकेट कुठंय ते सांगा' म्हणणं आपल्याच्यानं होत नाही.