गुलाबाला 'व्हायरस' लागलाय असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा

एप्रिलमध्ये पुण्यातल्या आमच्या गच्चीवरच्या गुलाबांची पानं निस्तेज झाली, त्यांवर बारीक फिकट ठिपके दिसू लागले. एका नर्सरीचा माणूस 'मोफत तपासणी' करतो असं कळलं, म्हणून त्याला बोलावलं. त्याने उभ्याउभ्याच कुंड्यांवरून नजर फिरवली. एकही पान उलटून पाहिलं नाही. "ताई, व्हायरस आहे. चार दिवसांत सगळीकडे पसरेल." मग पिशवीतून बिनलेबलची बाटली काढून १४०० रुपयांना दिली. बिल मागितलं तर म्हणाला, "इम्पोर्टेड माल आहे, बिल नाही येत त्याचं."

फवारणीनंतर झाडं आणखीच बिघडली. तेव्हा त्याने 'लागण झालेली' झाडं उपटायला लावली आणि ४५० रुपयांना एक याप्रमाणे नवी कलमं गळ्यात मारली. उपटलेल्यांत सासूबाईंनी माहेराहून आणलेला गावठी गुलाबही गेला. पैशांपेक्षा त्याचीच हळहळ जास्त आहे.

नव्या कलमांवरही तेच ठिपके आले, तेव्हा शेजारच्या काकांना दाखवलं. ते कृषी खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी आधी पान उलटं केलं. खाली शिरांलगत बारीक जाळी होती. मग कोऱ्या कागदावर फांदी झटकली, तर तिखटाच्या कणांसारखे लालसर ठिपके कागदावर चालायला लागले. लाल कोळी! हा कीटक नव्हेच, कोळ्याच्या कुळातला जीव. कोरड्या उन्हाळ्यात झपाट्याने वाढतो. बऱ्याच कीटकनाशकांनी तो मरत नाही, त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात आणि तो फोफावतो. काकांनी जास्त खराब पानं काढायला लावली आणि सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारायला सांगितला. उरलेली झाडं तेवढ्यावर सावरली.

गुलाबाला मोझॅक व्हायरस होतो, नाही असं नाही. पण त्यात पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा उमटतात, आणि तो मुख्यतः रोगट झाडाच्या कलमातून येतो. चार दिवसांत कुंडीतून कुंडीत पसरणं ही शुद्ध थाप. याच माणसाने आमच्या सोसायटीत पानांवरच्या पांढऱ्या भुरीलाही व्हायरस ठरवलं, आणि पावसाळ्यात येणाऱ्या काळ्या ठिपक्यांनाही. दोन्ही बुरशीजन्य रोग. एका ताईंच्या झाडाच्या फांद्या छाटल्या जागेपासून खाली काळ्या पडत चालल्या होत्या, म्हणजे डायबॅक. निरोगी हिरव्या भागापर्यंत छाटायचं सोडून त्यांनाही हीच बाटली दिली.

कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आहे. कीटकनाशक विकायला परवाना लागतो. लेबलवर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असावाच लागतो. तुमच्याकडे अशी बिनलेबलची बाटली असेल तर ती मोरीत ओतू नका. पैसे दिल्याच्या पुराव्यासह जपून ठेवा आणि कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकाकडे तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आम्ही दोन्हीकडे लेखी तक्रार केली आहे. सोसायटीतल्या बाकीच्यांनीही आपापल्या बाटल्या घेऊन पुढे यावं.