वडिलांची कात्रणं आणि मिरजकर तिकटीजवळचे बाइंडिंगवाले मामा

माझे वडील शेतकरी कामगार पक्षाचे साधे कार्यकर्ते. पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील सरांची पेपरात आलेली प्रत्येक बातमी ते ब्लेड आणि स्टीलची पट्टी घेऊन कापायचे. 2019 साली वडील गेले, कात्रणांची ट्रंक माझ्याकडे आली. यंदा उघडली तर खालच्या थराला कसर लागलेली.

आधी एका दुकानात गेले. तिथं म्हणाले, सगळ्याचं लॅमिनेशन करून टाका. कृपा करून असं कुणी करू नका. जुना पेपर प्लॅस्टिकमध्ये एकदा बसला की परत सुटत नाही.

मग कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या बोळातले हे मामा सापडले. दुकानाला पाटी नाही, दारात पुठ्ठ्यांची चळत दिसते. मामांनी एक कात्रण बोटावर घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाले, "बाई, ह्याला डिंक लावला तर चार वर्सांत पिवळं पडंल. मैद्याची खळ करतो, मोरचूद घालून. कसर फिरकायची न्हाई." प्रत्येक कात्रण जाड कागदावर चिकटवलं, आठ-आठ पानांचे जुज, म्हणजे शिवायचे छोटे गठ्ठे, केले आणि जुजबंदीची शिलाई घातली. कणा कापडी. पान पूर्ण उघडतं, मधली ओळ शिवणीत जात नाही.

पण मला खरं सांगायचंय ते कात्रणं क्रमानं लावण्याबद्दल. निम्म्याहून जास्त कात्रणांवर तारीखच नव्हती. मी हताश झाले होते. मामा म्हणाले, "नावाच्या आधी काय छापलंय ते बघा की." तिथून वाट सापडली. 'सहकारमंत्री' असेल तर 1978 ते 80, शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारातलं. 'आमदार' दोन ठिकाणी निघालं, तेव्हा मामांनी विचारलं, ह्ये दोन येगळे का? मी सांगितलं, सर आधी विधान परिषदेत होते, 1960 पासून तीन वेळा, मिळून अठरा वर्षं. विधानसभेत मात्र 1985 ला गेले, आपल्या कोल्हापूरकरांच्या थेट मतांवर. त्या पाच वर्षांचा गठ्ठा सगळ्यात जाड आहे. वडील तेव्हा प्रचारात सायकलवर फिरायचे, कात्रणांवर चहाचे डागसुद्धा आहेत. मामांनी ते पुसायचा प्रयत्न केला नाही, हे मला फार आवडलं.

पहिला खंड 1990 ला संपतो. दुसऱ्यात नावाआधी 'रयतचे चेअरमन' येतं, म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे, 2008 पर्यंत. मी स्वतः 1994 ला रयतच्या शाळेत लागले, त्यामुळं ही पानं लावताना माझा हात सावकाश चालला. शिवाय आंदोलनांची पानं: एन्रॉनचा वीज प्रकल्प, रायगडचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र), सीमाप्रश्न आणि आपला कोल्हापूरचा टोल. तिथं नुसतं 'प्रा.' उरतं. आमदारकी सुटून वीस वर्षं झालेला, ऐंशी ओलांडलेला माणूस टोलच्या मोर्चात पुढं चालतोय, शेजारी गोविंद पानसरे. हे दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा जाड झालं. माझ्या मते सरांची थोरवी तिथंच दिसते, आणि दोन्ही खंड शेजारी ठेवल्यावर ती डोळ्यांना दिसते.

आता उणं. पंधरा दिवस सांगितले होते, पाच आठवडे लागले. कटिंग मशीनवर एका पानाची कड जास्त गेली आणि वडिलांनी निळ्या शाईनं लिहिलेली तारीख अर्धी तुटली. मामांनी स्वतःहून दाखवलं, त्या पानाचे पैसे घेतले नाहीत, पण मला ते लागलंच. तुमच्या कागदावर हस्ताक्षर असेल तर कडा न कापण्याचं आधीच बजावून सांगा. दोन खंडांचे मिळून 1,450 रुपये झाले. सोनेरी अक्षरांचे वेगळे पडतात, मी घेतली नाहीत. सोमवारी दुकान बंद असतं.

शेवटचं कात्रण माझं आहे. 17 जानेवारी 2022 ला सर गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसाचा अंक. वडिलांची पट्टी वापरूनही माझी कड वाकडीच आली. मामांनी विचारलं, सरळ करून देऊ का? मी नको म्हटलं. त्यांनी ते पान तसंच चिकटवलं आणि मागं चार कोरी पानं सोडली.