म्यू-मेटल म्हणून घेतले, निघाले लोखंडी डबे

मी भुललो तो एका व्हिडिओला. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजसाठी (सुईच्या कंपनांचा अगदी क्षीण विद्युत सिग्नल करणारा भाग) घरी प्रीअँप, म्हणजे तो सिग्नल वाढवणारं सर्किट, बांधत होतो. इनपुटला व्होल्टेज दहापट करणारे, १:१० चे दोन स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर बसवले होते आणि सुई रेकॉर्डवर नसतानाही दोन्ही स्पीकरमधून घुंऽऽ चालूच. कार्ट्रिजमधून सिग्नल येतो जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट. वर आरआयएए इक्वलायझेशन (रेकॉर्ड कापताना दाबलेले खालचे सूर पुन्हा उचलणारी ठरलेली दुरुस्ती) ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा सुमारे १७ डीबी (डेसिबल) जास्त उचलून धरतं, म्हणजे मेन्सच्या, घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या, गुणगुणीला पायघड्याच घातल्यासारखं. ट्रान्सफॉर्मर म्यू-मेटलच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या, डब्यात घालायला हवेत, एवढं मला कळत होतं. तेवढंच कळत होतं, हीच अडचण झाली.

ऑनलाइन एक विक्रेता सापडला. त्याच्या व्हिडिओत ट्रान्सफॉर्मर अँप्लिफायरला जोडलेला, शेजारी टेबल लॅम्पची वायर आणली की घूं सुरू. मग तो ट्रान्सफॉर्मरवर डबा ठेवतो, डब्याला हिरवी क्रोकोडाइल क्लिप लावतो आणि आवाज एकदम गप्प. मी तीनदा बघितलं आणि आगाऊ पैसे भरून दोन डबे मागवले. पार्सलमध्ये छापील प्रमाणपत्र होतं, वर सल्लाही होता: लोहचुंबक लावून खात्री करा, हवं तिथे बिनधास्त भोक पाडा.

लोहचुंबक लावला, चिकटला. मी खूश.

डबे बसवले तर घूं थोडी मंदावली, पण गेली नाही. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "तुमचं ग्राउंडिंग चुकलंय." हे वाक्य कुठल्याही हौशी माणसाला बरोबर लागतं, कारण ग्राउंडिंगची शंका प्रत्येकाच्या मनात आधीच असते. सगळ्या ग्राउंडच्या तारा उखडून एका बिंदूवर आणल्या, फरक शून्य. पुन्हा उखडल्या, इनपुटचे सॉकेट चेसिसपासून, म्हणजे धातूच्या पेटीपासून, वेगळे केले. दोन आठवडे यात गेले आणि पैशांपेक्षा मला त्या दोन आठवड्यांचाच राग जास्त आहे.

शेवटी वैतागून ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढले आणि हेडफोन लावून तो हातात धरून फिरवला. एका कोनात घूं जोरात, काटकोनात वळवला की जवळजवळ नाहीशी. ग्राउंडचा दोष असता तर नुसता कोन बदलून एवढा फरक पडला नसता. प्रीअँपला वीज पुरवणाऱ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट गुंडाळीत शिरत होतं आणि डबा ते पुरेसं अडवत नव्हता.

मग एका जुन्या रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल काढली, तिची दोन टोकं मल्टिमीटरला एसी मिलिव्होल्टवर जोडली आणि ती पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून एका ठरलेल्या जागी टेपने चिकटवली. उघड्यावर १८ मिलिव्होल्ट. विकत घेतलेल्या डब्यात ६. रंगाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ८! मित्राकडे जुन्या माइक ट्रान्सफॉर्मरचा खरा म्यू-मेटलचा डबा होता, त्यात घातली तर काटा ०.५ वर. म्हणजे खऱ्या डब्यात सुमारे ३१ डीबी घट, माझ्या डब्यात साडेनऊ.

डब्याची कड कानशीने घासली. वरचा चकचकीत थर गेला, त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि झोपलो. सकाळी तिथे तांबूस गंज. म्यू-मेटलमध्ये सुमारे ८० टक्के निकेल असतं, ते एका रात्रीत असं गंजत नाही. हे लोखंडच होतं, वरून निकेलचा मुलामा. लोहचुंबक तर दोघांनाही चिकटतो, त्यामुळे ती परीक्षा फुकाची. आणि भोकाचा तो सल्ला वाचूनच मी सावध व्हायला हवं होतं. म्यू-मेटलला आकार दिल्यावर हायड्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर तापवून निववतात, तेव्हा कुठे त्यात गुण येतो. नंतर ते वाकवलं, भोसकलं, अगदी जोरात आपटलं तरी तो गुण घटतो. ते विकणारा माणूस "बिनधास्त" म्हणेलच कसा?

व्हिडिओचं गौडबंगाल सगळ्यात शेवटी उलगडलं. लॅम्पची वायर होती, पण लॅम्प बंद होता. वायरमध्ये व्होल्टेज आहे, करंट नाही, म्हणजे विद्युत क्षेत्र आहे आणि चुंबकीय क्षेत्र नाहीच. विद्युत क्षेत्र ग्राउंड केलेला कुठलाही धातू थोपवतो, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइलसुद्धा. चमत्कार त्या हिरव्या क्लिपचा होता. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे मात्र क्लिप काही करत नाही आणि पातळ ॲल्युमिनियम किंवा तांबंही जवळपास निरुपयोगी, कारण त्या फ्रिक्वेन्सीला तांब्याची स्किन डेप्थच, म्हणजे क्षेत्र धातूत साधारण जितकं खोल शिरतं ती खोली, ९ मिलिमीटरच्या वर जाते.

पैसे परत मागितले तर म्हणाला, माल घासलाय, वापरलेला माल परत घेत नाही. इथे चूक माझी. कॉइलची चाचणी आधी करा, तिचा डब्यावर ओरखडाही उठत नाही. मीटरच्या आकड्यांचे फोटो काढून पाठवा आणि कानस त्यानंतर हातात घ्या.

प्रीअँप आता ठीक आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत घालून लांब नेला. अंतर दुप्पट झालं की ते क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येतं, तेव्हा निम्मं काम तिथेच झालं. उरलेल्यासाठी छोटे ट्रान्सफॉर्मर कानाने ऐकत फिरवले आणि घूं सर्वांत कमी झाली तिथे स्क्रू आवळले.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने त्या विक्रेत्याला विचारलं, लॅम्प चालू करून आणि क्लिप काढून तोच व्हिडिओ दाखवाल का? उत्तर आलं, "स्टॉक संपलाय." जाहिरात अजून तिथेच आहे.